खिळ्यांची चार भोकं

१

आधी वायर खुपसायच्या जॅकजवळची चीर दिसली की आधी खिळ्यांची भोकं, हे अंबादास गजभिये यांना आज छातीठोकपणे सांगता येत नाही. क्रम चुकत असेल. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या आठवणीवर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न ते इतरांनी विचारायच्या आधी स्वतःलाच विचारतात. मात्र पहिल्या दिवशी त्या गिटारमध्ये चीरही नव्हती आणि भोकंही नव्हती, याबद्दल त्यांना शंका नाही. तेवढं त्यांच्याकडे त्यांच्याच आवाजात आहे.

आवाजात असण्याचं कारण त्यांची जुनी सवय. बत्तीस वर्षं त्यांनी दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत रंग आणि लॅकर म्हातारे कसे होतात याचा अभ्यास केला. डोळा भिंगाला, दोन्ही हात नमुन्यात गुंतलेले आणि शेजारी लघुलेखक. दिसेल ते मोठ्यानं बोलायचं, तो उतरवून घेणार. निवृत्तीनंतर लघुलेखक गेला, बोलणं राहिलं. फरीदाबादच्या घराची मागची बाल्कनी काच लावून बंद केली होती. तिथल्या टेबलाशी बसून ते लोकांच्या जुन्या इलेक्ट्रिक गिटार तपासत आणि मोबाइल रेकॉर्डिंगला लावून एकेक निरीक्षण खणखणीत उच्चारत.

लोकांना एकच जाणून घ्यायचं असे. गिटार खरोखर साठच्या दशकातली आहे, की त्याच कंपनीनं पुढे कधीतरी जुन्या साच्याबरहुकूम पुन्हा काढलेली? बाजारात तिला रीइश्यू म्हणतात. "रीइश्यू म्हणजे नकली नव्हे," गजभिये समजावत, "ती फक्त नंतरची."

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत, दुपारी बारापर्यंत धुकं न हटलेल्या एका दिवशी, हितेश वानखडे काळी पेटी घेऊन आला. आईवडील अकोल्याचे, पण स्वतः दिल्लीत जन्मला-वाढला. गुडगावला नोकरी आणि गिटार जमवायचं वेड.

"काका, जय भीम. ही बघा. पानिपतला मिळाली. रजया बनवतात ना, त्यांच्या गोदामात. डीलर म्हणतो चौसष्टची आहे, बिल्कुल ओरिजिनल."

"डीलर म्हणतो म्हणजे झालंच की. मग माझ्याकडे कशाला आणलीस? हार घालून ठेव."

"यार काका, टोमणे नका मारू. मला फक्त एक कागद द्या, साइन केलेला."

"कागद देईन. त्यावर काय लिहायचं ते ही सांगेल."

हितेश गेल्यावर त्यांनी तारा उतरवल्या, पिकगार्ड म्हणजे पुढची प्लास्टिकची पट्टी सोडवली आणि बोलायला सुरुवात केली. रेकॉर्डिंग सतरा मिनिटांचं आहे. आवाज जरा चिडका, पण स्वच्छ.

"खिळ्यांची भोकं नाहीत. एकही नाही. त्या काळी कारखान्यात बॉडीला चार बारीक खिळे ठोकत, तिला खिळ्यांवर टेकवून रंग मारत, वाळली की खिळे उपटत. चार भोकं राहत, आत रंग नसलेली. इथे सगळं गुळगुळीत. नेक, म्हणजे दांडा, जिथे बसतो त्या खाचेत रंग न लागलेली पट्टी हवी, ती नाही. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली जुनं लॅकर हिरवट पिवळं चमकतं. हे चमकत नाही." मग खुर्चीचा करकर आवाज, आणि मग, कोणी विचारलेलं नसताना: "आमच्या प्रतीकची चौसष्टची होती. तिच्यात चारही भोकं होती. जॅकजवळ बोटभर चीर होती, जिन्यावरून पडली तेव्हाची. हिच्यात काही नाही. ही नंतरची."

प्रतीक त्यांचा एकुलता मुलगा. दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन शिकत होता. दोन हजार दहाच्या डिसेंबरात तिघा मित्रांबरोबर गाडीनं चंदीगडला वाजवायला निघाला, आणि पानिपतच्या पुढे हायवेवर ट्रकनं गाडीला धडक दिली. चौघांतलं कोणी राहिलं नाही. त्याची गिटार सामानात सापडली नाही.

त्याचं नाव त्या बाल्कनीत आठ वर्षांनी पहिल्यांदा निघालं होतं.

२

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर अहवालासाठी फोटो काढावेत म्हणून गजभियेंनी पिकगार्ड पुन्हा सोडवलं. चार भोकं होती.

त्यांनी चष्मा पुसला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहाच महिने झाले होते. डाव्या डोळ्याला अजून सरळ रेघा किंचित वाकड्या दिसत. काल ऊन नव्हतं, आज आहे. काल टेबलावरचा दिवा उजवीकडे होता. माणसाला नसलेलं दिसत नाही असं नाही, आणि असलेलं दिसत नाही असंही नाही. त्यांनी सुई घेतली. ती भोकात अर्धा इंच गेली. टोकाला जुन्या लाकडाची तपकिरी भुकटी लागली. आत रंगाचा कण नव्हता. अगदी हवी तशी भोकं.

त्यांनी मोबाइलवर कालचं लावलं. *खिळ्यांची भोकं नाहीत. एकही नाही.* स्वतःचा आवाज. स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं यंत्र घरघरत होतं. खाली भाजीवाल्याचा भोंगा 'मटर, गाजर, मेथी' असं रेकॉर्ड केलेल्या सुरात म्हणत पुढे सरकत होता. सगळं रोजचं होतं.

त्यांनी टॉर्च लावली. लॅकर हिरवट पिवळं चमकलं. नेकच्या खाचेत रंग न लागलेली पट्टी होती, अंगठ्याएवढी रुंद.

मग त्यांनी तारा परत चढवल्या, गिटार तिरपी केली आणि जॅकच्या बाजूची कड उजेडात धरली. तिथे अजून काही नव्हतं. निदान आज त्यांना तसं आठवतं. संध्याकाळी चहाचा कप ठेवायला पत्नी शीलाबाई आल्या, तेव्हा मात्र होतं.

३

शीलाबाई केंद्रीय विद्यालयातून निवृत्त झालेल्या शिक्षिका. गिटारच्या खोलीत त्या सहसा यायच्या नाहीत. कप ठेवताना त्यांची नजर चिरेवर गेली आणि हात तिथेच थांबला.

"अहो, ही कोणाची?"

"हितेशची. तपासायला आली आहे."

"हितेशची कशी असेल? ही आपल्या प्रतीकची आहे."

"शीला, तशा हजारो गिटार आहेत जगात."

"चीर हजारोंना असते का? याच जागी? तो जिन्यावरून पडला तेव्हा मी हळद लावली होती त्याच्या गुडघ्याला. गुडघा राहिला बाजूला, गिटारला लागलं म्हणून रडत होता चोवीस वर्षांचा घोडा." त्या खुर्चीवर बसल्या. "कुठून आणली म्हणाला हितेश?"

गजभियेंना खोटं बोलता आलं असतं. पण तेव्हा त्यांना त्याची गरज वाटली नाही. "पानिपतहून."

शीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. आठ वर्षांत त्या चारचौघांत कधी रडल्या नव्हत्या, त्या दिवशीही नाही. फक्त म्हणाल्या, "तिथंच तर."

त्या रात्री त्या दोन पोळ्या जेवल्या. इतकी वर्षं एकीवर भागवत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाल्कनीत जाऊन बसल्या, तिसऱ्या दिवशीही. गजभिये आपल्या खोलीत पेपर उघडून पडत आणि भिंतीपलीकडे त्यांचा आवाज ऐकत. वर्गात गोष्ट सांगावी तसा, मध्येच हसणारा. मध्येमध्ये त्या थांबत. थांबल्या की एखादी तार वाजे. गिटार कुठल्याही यंत्राला जोडलेली नव्हती, त्यामुळे आवाज अगदी बारीक यायचा, कोणी डब्याचं झाकण नखानं टिचकावावं तसा.

"तू वाजवतेस का?" त्यांनी एकदा विचारलं.

"मला कुठे येतं?" शीलाबाई म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की त्यांना पुढे विचारवलं नाही.

हितेशचा फोन आला तेव्हा तो शीलाबाईंनीच घेतला. "बाळा, दोन आठवडे राहू दे. काकांना नीट बघायची आहे."

गजभिये ऐकत होते. त्यांना नीट बघायची होती हे खरंच होतं. मुलाची वस्तू घरी आली असेल, तर ती कागदावरच्या शंकांपायी परत पाठवणारा बाप कोण? आणि आली नसेल तर? मग ही बाई रोज दुपारी कोणाला काय सांगते आहे?

४

उत्तर एका गोष्टीत होतं, आणि ती गोष्ट जगात फक्त त्यांनाच ठाऊक होती.

गिटारचा पट्टा ज्या गुंडीला अडकतो, तिचा स्क्रू कालांतरानं सैल होतो. भोकात माचिसची काडी गोंद लावून बसवायची आणि स्क्रू पुन्हा आवळायचा, हा सगळीकडचा घरगुती इलाज. प्रतीकच्या गिटारला तो गजभियेंनीच केला होता, मुनिरक्याच्या खोलीवर, एका रविवारी, प्रतीक चहा आणायला खाली गेला असताना. आणि पदार्थविज्ञानातली डॉक्टरेट असलेला हा माणूस काडीचं गुल तोडायला विसरला. लाल गुलासकट काडी आत गेली, गोंद वाळला, निघेना. त्यांनी वर गुंडी आवळली आणि पोरासमोर काही बोलले नाहीत. लाज वाटली होती.

त्यांनी हितेशच्या गिटारची गुंडी काढली. भोक कोरं होतं. घट्ट, नवं, काडी-बिडी काही नाही.

त्यांना इतका आनंद झाला की ते उठून उभे राहिले. आपण वेडे नाही. ही प्रतीकची नाही. "शीला!" त्यांनी हाक मारली. "इकडे ये. बघ. त्याच्या गिटारमध्ये मी स्वतः काडी घातली होती, गुलासकट! पट्ट्याच्या गुंडीत. हिच्यात आहे का? नाही! ही त्याची असूच शकत नाही!"

शीलाबाई दारात उभ्या राहिल्या. भोकाकडे त्यांनी बघितलंही नाही. "तुम्हाला ती त्याची नको आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गजभियेंनी गुंडी पुन्हा काढली. भोकाच्या तळाशी, जुन्या पिवळ्या गोंदात रुतलेलं, लाल गुल होतं.

तेव्हा त्यांना आपली चूक कळली. भुताखेताचा विचार त्यांच्या मनात आला नाही, किंवा आला तरी त्यांनी त्याला थारा दिला नाही. त्यांच्या मनात आला तो लघुलेखक. बत्तीस वर्षं शेजारी बसलेला, मान खाली घालून, जे बोलाल ते उतरवून घेणारा. या बाल्कनीत कोणीतरी उतरवून घेत होतं. काय चुकतंय हे ते स्वतःच मोठ्यानं सांगत होते, आणि ते दुरुस्त होत होतं.

ते आपल्या खोलीत आले, तर भिंतीपलीकडे एक तार वाजली. शीलाबाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. कुकरची शिट्टी त्यांनीच बंद केली.

"अच्छा," गजभिये स्वतःशी म्हणाले. मग जीभ चावली आणि पुढचं मनात म्हणाले. बघतोच.

५

खात्री करायची तर खोटं सांगून बघायचं. त्यांनी दोन दिवस विचार केला. गोष्ट अशी हवी की ती खरी असण्याची शक्यताच नाही, आणि दिसली तर नजरेतून सुटणार नाही. ती कुठेही लिहायची नाही, रेकॉर्ड करायची नाही. लिहिलेलं त्या गिटारला वाचता येत नाही कशावरून? आयुष्यात पहिल्यांदाच ते नोंद न ठेवता प्रयोग करणार होते. त्या निष्काळजीपणाची किंमत पुढे कळायची होती.

रविवारी सकाळी शीलाबाई बुद्धविहारात गेल्या. गजभियेंनी मोबाइल बंद केला, बाल्कनीत जाऊन गिटारसमोर बसले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात एकच वाक्य म्हणाले.

"प्रतीक डावखुरा होता."

काचेबाहेर पार्कात पोरं बॅडमिंटन खेळत होती. आत काही हललं नाही. एवढंच की खोलीतली शांतता ऐकणाऱ्याची वाटली. मीटिंगमध्ये आपण बोलायचं थांबतो आणि समोरच्याचं लिहून व्हायचं असतं, तशी.

सोमवारी दुपारी त्यांनी पेटी उघडली.

गिटार वाजवणाऱ्याचा एक हात वर्षानुवर्षं बॉडीच्या वरच्या कडेवर घासतो आणि तिथला रंग जातो. ही झीज जाड तारेच्या बाजूला असते. कालपर्यंत ती तिथेच होती. आज त्या कडेवर रंग शाबूत होता, तुकतुकीत. झीज खालच्या कडेला होती, बारीक तारेच्या बाजूला, गिटार उलटी धरणाऱ्याचा हात जिथे टेकेल तिथे. पट्ट्याची गुंडी बॉडीच्या एका शिंगावरून, म्हणजे नेकशेजारच्या टोकावरून, दुसऱ्या शिंगावर गेली होती. पहिल्या शिंगावर भोकाचा मागमूस नव्हता.

सापडलीस, ते मनात म्हणाले. तोंडावर हसू होतं. त्यांनी पेटी लावली आणि शीलाबाईंना शयनघरात नेऊन, दार बंद करून, कुजबुजत विचारलं, "शीला, प्रतीक कोणत्या हातानं लिहायचा?"

"डाव्या." शीलाबाईंनी त्यांच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "विसरलात? तुम्हीच पट्टीनं मारायचात, उजव्यानं लिही म्हणून. मी शाळेतली बाई असून कधी मारलं नाही, तुम्ही मारायचात."

गजभिये पलंगावर बसले. रविवारी त्या घरात नव्हत्या. ते वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी अल्बम काढला. प्रतीक वाजवतानाचा एकच फोटो होता, कॉलेजच्या कार्यक्रमातला, लांबून काढलेला. त्यात गिटार उलट्या बाजूला होती. फोटो उलटा छापला गेला असेल, त्यांनी ठरवलं. स्टुडिओवाले कधीकधी निगेटिव्ह उलटी लावतात. पण त्याहून वाईट म्हणजे, आता त्यांना आठवू लागलं होतं. लाकडी पट्टी. छोटा, मिटलेला डावा हात. पोराच्या डोळ्यांतलं पाणी.

असं काही घडलं नव्हतं. की घडलं होतं, आणि ते विसरले होते, आणि खोटं म्हणून नेमकं खरं सांगून बसले होते?

६

मंगळवारी दुपारी तीनला ते दुधाच्या बूथवरून परतले. घर शांत होतं. बाल्कनीचं दार वीतभर उघडं होतं आणि आतून शीलाबाईंचा आवाज येत होता, हळू, प्रत्येक गोष्टीनंतर थांबत. आपण बोलतो आणि समोरचा उतरवून घेतो, तसा.

"केस मागे वळवायचा. हो. मानेवर भोवरा, जरा उजवीकडे. उजवीकडे, बाळा. हं. खांदे तुझ्या बाबांसारखे, उतरते."

गजभिये पिशवी हातात तशीच धरून दाराच्या फटीशी आले.

शीलाबाई खुर्चीवर होत्या, दाराकडे तोंड करून, डोळे मिटून. त्यांच्यासमोर स्टुलावर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. निळ्या चौकड्यांचा सदरा. उतरते खांदे. मांडीवर गिटार, आणि तिची नेक उजव्या बाजूला आलेली, उलटी. मानेवरचा भोवरा स्पष्ट दिसत होता, एकेक केस मोजता यावा इतका. जेवढं सांगून झालं होतं तेवढं सगळंच स्पष्ट होतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मात्र नजर ठरत नव्हती. त्याला कान नव्हते असं नाही. कान कसे होते हे त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"आणि कान," शीलाबाई म्हणाल्या.

ते पाठमोरं डोकं किंचित कललं. ऐकायला.

"शीला!" गजभिये ओरडले. दूध जमिनीवर पडलं. "एक शब्द बोलू नकोस!"

शीलाबाईंनी डोळे उघडले. स्टुलावर फक्त गिटार होती, टेबलाला टेकून, आणि एक तार अजून थरथरत होती.

ते आत गेले. त्या क्षणी त्यांना जे वाटत होतं ते भय नव्हतं. राग होता, स्वच्छ आणि थंड. आठ वर्षं त्यांनी पोराची एकेक गोष्ट जिवापाड जपली होती, कोणाला न सांगता. आणि ही गोदामातली वस्तू ती एकेक करून घेणार, आपल्या मापानं बसवून घेणार, आणि उरलेला प्रतीक पुसून टाकणार.

"तू नंतरची आहेस," ते तिला म्हणाले. "कितीही भोकं पाड. नंतरचीच राहशील. माझी सही मिळणार नाही."

अशा गिटारची नेक चार स्क्रूंनी बसवलेली असते. चौथा स्क्रू निघाला तेव्हा शीलाबाईंनी त्यांचा हात धरला. "अहो नका. हात जोडते. तो मला आई म्हणतो."

गजभियेंचा हात थांबला. मग त्यांनी करवत उचलली.

भर दुपारी, काचेतून ऊन आत येत असताना, त्यांनी नेक तीन ठिकाणी कापली. लाकूड पन्नास वर्षांचं वाळलेलं असायला हवं होतं. भुसा ओला होता, हाताला चिकटणारा. कापताना आवाज आला तो करवतीचा होता, असं त्यांनी ठरवलं आणि त्या ठरवण्यावर ते आजही ठाम आहेत. मग बॉडी. ती मधोमध.

संध्याकाळी त्यांनी हितेशला फोन केला. "तुझी गिटार मी मोडली. पोलिसात जायचं तर जा."

"काका, मजाक करताय?"

"अहवाल लिहिलाय. एकाच शब्दाचा. नंतरची. खाली सही आहे."

हितेश म्हणाला, "एक सांगू? माझ्या घरी होती ना, तीन दिवस, तेव्हा मम्मी तिच्याशी बोलायची. माझ्या नानाजींबद्दल. मला वाटलं, एज झालंय." आणि फोन ठेवता ठेवता, "ठीक केलंत."

७

शीलाबाई सात महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा म्हणाल्या, "एकदा ट्रकनं मारला. एकदा तुम्ही." त्या पुन्हा एका पोळीवर आल्या.

गजभिये प्रतीकबद्दल कोणाशी काही बोलत नसत. पण पट्टी मारल्याची आठवण जाईना. उलट तिला बारकावे फुटत गेले, दिवस, वार, भिंतीचा रंग. डावा हात की उजवा? त्याच्या वह्या कधीच रद्दीत गेल्या होत्या. मित्र त्याच गाडीत होते. नागपूरच्या नातेवाइकांपैकी कोणी 'डावा' म्हणे, कोणी 'आता कुठे आठवतंय'. आपण खोटं बोललो होतो, एवढं एकच वाक्य त्यांच्याकडे होतं, आणि त्याचा कागद नव्हता. रोज सकाळी दाढी करताना ते आरशाला बजावत, उजवा. आरशात वस्तरा डाव्या हातात दिसे. तरी बजावत.

म्हाताऱ्या सरकारी माणसाला लढायचं एकच हत्यार ठाऊक असतं. त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकायला सुरुवात केली. अपघाताच्या गुन्ह्यात जप्त केलेल्या सामानाची यादी द्या. नाही मिळाली. अपील. दुसरं अपील. सुनावणीला एक तरुण अधिकारी वैतागून म्हणाला, "अंकलजी, चौदा साल पुरानी बात है, क्या मिलेगा आपको?" गजभिये म्हणाले, "वही तो देखना है."

दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरात यादी आली. ट्रकवाल्याचा खटला निकाली निघाला होता. चौघांचं सामान एकाच पोत्यात बांधून, चौघांपैकी दुसऱ्याच एका मुलाच्या नावानं नोंदलं होतं. बाराव्या ओळीत लिहिलं होतं: वाद्य, लकडी का, टूटा हुआ, एक.

शीलाबाई म्हणाल्या, "मी येते." का ते बोलल्या नाहीत.

हायवेवरच्या त्या ठाण्याचा मालखाना म्हणजे जप्त मोटारसायकलींच्या मागची एक बुटकी खोली. हवालदारानं पोतं ओढत उन्हात आणलं आणि गाठ कापली. "देख लो जी. पर हाथ से ही देखना, अभी साइन बाकी हैं."

नेक तुटलेली होती. तारा गंजून गेल्या होत्या. जॅकजवळ बोटभर चीर होती. दोन हजार दहापासून ही इथे होती, या पोत्यात, आणि पोतं त्या दिवसापर्यंत कोणी सोडलं नव्हतं. गाठीवरची लाख त्यांच्यासमोर फुटली.

शीलाबाईंनी तिला हात लावला नाही. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मग मला आई कोण म्हणत होतं?"

गजभियेंनी त्यांचा हात धरला. मग खाली बसले. दुखऱ्या गुडघ्यांसकट, त्या मातीत. रुमालानं चौदा वर्षांची धूळ पुसली, आधी एक कड, मग दुसरी. बोटांनी दोन्ही कडा चाचपल्या, पुन्हा चाचपल्या, चष्मा काढून डोळे अगदी जवळ नेले. काही मोठ्यानं बोलले नाहीत. हवालदारानं पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी खिशातली वही काढली, तारीख घातली आणि निरीक्षण लिहिलं.

रंग वरच्या कडेचा गेला आहे, जाड तारेच्या बाजूचा. खालची कड शाबूत. वाजवणारा उजवा होता.